फळीवरची संत्री

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

गोलगोल बोलण्यात काही अर्थ नाही. धुलाईच्या शेडच्या दारावर तुम्ही जो कागद चिकटवलात त्यात मोजून चार ओळी आहेत. पहिलीत लिहिलंय, फळ सडलं. ते खरं आहे, नाकं सगळ्यांनाच आहेत. दुसरीत लिहिलंय, तोडणीवाल्या बायकांच्या नखांनी सालीवर ओरखडे पडले आणि त्यातून बुरशी आत शिरली. तिसरीत लिहिलंय, ही टोळी आजपासून बंद, फळसंघाच्या कुठल्याही बागेनं तिला काम देऊ नये. चौथ्या ओळीत तुमची सही, ऐटबाज. आणि तिच्या शेजारी, जराशी खाली घसरलेली, दुसरी एक सही.

डिंक इतका लावलात की एक वेळ दार निघेल, कागद निघायचा नाही.

नखं म्हणे! नखं लिहिण्याआधी कात्रीआत्याची टोळी कशी कामाला लागते, ते एक सकाळ येऊन बघायचं होतंत.

कात्रीआत्या म्हणजे त्या टोळीची म्होरकी. तिला धरून सात बायका. खरी आत्या ती एकाचीच, शेडवरच्या मुकादमाची. भाऊ आणि भावजय एका वर्षात पाठोपाठ गेले आणि सात वर्षांचं पोर तिच्या दारात येऊन उभं राहिलं. ते पोर "आत्या, आत्या" करत बागेत तिच्या मागे फिरायचं. ते ऐकून बाकीच्यांनीही तेच नाव उचललं. आणि कात्री का, तर तिच्या हातातून कात्री सुटलेली कोणी पाहिलीच नव्हती. जेवतानाही मांडीवर. टोळीत चिमटी म्हणून एक आहे, अंगानं काडी आणि जिभेनं चाबूक. ती म्हणायची, "आत्या झोपेत कूस बदलते ना, तेव्हा आधी कात्रीला या कुशीवर घेते, मग स्वतः वळते."

सकाळी बागेच्या फाटकाशी सातही जणी जमल्या की आत्याचा पहिला शब्द एकच. "हात."

सगळ्या जणी हात पुढे करायच्या, शाळेत करतात तसे. आत्या एकेकीची बोटं उलटीपालटी करून बघायची. नख बोटाच्या टोकापुढे तसूभर दिसलं की तिथंच उभं करून कापायची.

"अगं आत्या, कालच तर कापलं."

"काल कापलं म्हणून ते वाढायचं थांबलं का? नखांना सुट्टी नसते."

"नवऱ्याला ओरबाडायला तरी एखादं राहू दे," चिमटी म्हणायची.

"नवऱ्याची साल जाड असते. त्याला विळा लागतो. संत्र्याचं तसं नाही."

मग हसत हसत सगळ्या बागेतल्या खोपटाच्या पायरीवर बसायच्या. दव उडेपर्यंत कोणी झाडाला हात लावायचा नाही, हा दुसरा नियम. दवात भिजलेली साल टरटरून फुगलेली असते. तिला नुसतं बोट दाबलं तरी आतलं तेल फुटतं आणि डाग उठतो. बागवाला घड्याळ बघत येरझाऱ्या घालायचा. "अहो, ऊन वर आलं! ट्रक काय तुमच्या दवासाठी थांबणार आहे?" आत्या जागची हलायची नाही. खालच्या फांदीचं पान हाताच्या पाठीला घासायची. हात कोरडा राहिला की उठायची.

आणि तोडायचं कसं, तर ओढायचं नाही. ओढलं की देठाशी सालीचा टवका निघतो आणि तिथं दार उघडं राहतं. कात्रीचे दोन घाव. पहिला बोटभर देठ ठेवून, फळ हातात यावं म्हणून. दुसरा अगदी सालीच्या बरोबरीनं, कारण उरलेला देठ झोळीत शेजारच्या फळात घुसतो. मग फळ झोळीत ठेवायचं. ठेवायचं म्हणजे ठेवायचं, टाकायचं नाही. टाकल्याचा आवाज आला की चार झाडं पलीकडून आत्या ओरडायची, "कोण गं ती दगड वेचतेय?"

हे सगळं पुष्कळ ठिकाणी असेल. पण खोपटातल्या फळ्या आत्याच्याच.

खोपटाच्या मागच्या भिंतीला तीन फळ्या ठोकलेल्या होत्या, एकावर एक. रोज प्रत्येकीनं आपलं पहिलं तोडलेलं फळ तिथं आणून ठेवायचं, न धुता, न पुसता. सातांची रांग झाली की शेजारी कोळशाची उभी रेघ. रेघ म्हणजे एक दिवस संपला. रांगेतली जागाही ठरलेली, पहिली आत्याची, शेवटची चिमटीची. फळ दहा दिवस तिथं राहायचं. त्यात जे मऊ पडेल, हिरवी बुरशी धरेल, त्या बाईनं सबंध एक दिवस पायरीवर बसून सातही कात्र्यांना धार लावायची आणि येता-जाता सगळ्यांची बोलणी खायची. आणि जे टिकेल ते तिनं अकराव्या दिवशी सगळ्यांसमोर सोलून खायचं. बाहेरून सुरकुतलेलं, आतून मधासारखं. एरवी बागेतलं एक फळ कोणी तोंडात घालायची नाही. ते मात्र हक्काचं.

बागवाल्याला हे माहीत होतं. तोच म्हणायचा, "सात फळांत तुमची परीक्षा होत असेल तर सातच काय, सत्तर ठेवा."

आत्याच्या भाच्याचंही शिक्षण याच फळ्यांवर झालं. दहा वर्षांचा असताना त्याचं पहिलं फळ चौथ्या दिवशी सडलं, दुसरं सहाव्या, तिसरं पुन्हा चौथ्या. पोरगं मुसमुसून रडलं होतं. आत्यानं त्याची बोटं आपल्या बोटांत धरून कात्री फिरवली होती, आठवडाभर. ज्या दिवशी त्याचं फळ टिकलं त्या दिवशी त्यानं ते सोललं आणि पहिली फोड आत्याच्या तोंडात घातली. आज तो पस्तिशीचा आहे. दोन पोरांचा बाप आहे. संघाच्या शेडवर मुकादम आहे. सगळ्या बागांचं फळ त्याच्या डोळ्यांखालून जातं. "माझ्या फळीवरचा आहे तो," आत्या म्हणायची आणि मान जरा ताठ व्हायची.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं कळायला ते लागतं.

शेडमध्ये एक मोठी टाकी आहे. खोलीएवढी. बागांतून आलेलं फळ तिच्यात ओततात, ते तरंगत पुढे जातं, ब्रशाखालून निघतं, सुकतं, खोक्यात जातं. टाकीचं पाणी रोज संध्याकाळी सोडायचं, टाकी घासायची, सकाळी नवं पाणी आणि त्यात औषध. का रोज? कारण हजार फळांत एक तरी खराब येतंच. त्याच्या अंगावरची हिरवी भुकटी पाण्यात उतरते, आणि मग त्या पाण्यात जे जे फळ बुडतं ते ते ती घेऊन निघतं. एका आजाऱ्याच्या आंघोळीचं पाणी साऱ्या गावानं अंगावर घेण्यातला प्रकार. सालीला अगदी सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी बुरशीला तेवढं पुरतं, आणि तेवढं छिद्र कुठल्या फळाला नसतं? पान घासलं तरी पडतं.

यंदा ऐन तोडणीत टाकी उपसायचा पंप जळाला.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आत्या भरलेली खोकी शेडवर पोचवायला गेली, तेव्हा तिला पाणी दिसलं. चहात दूध नासावं तसं. वर पानं, काड्या, फेस. आणि टाकीच्या पलीकडच्या तोंडाला दोन माणसं बाजारातून परत आलेली रिकामी खोकी त्याच पाण्यात बुचकळून काढत होती. खोक्यांच्या फटींत जुन्या सडक्या फळाची हिरवी पुटं होती. पाण्यात गेलं की खोकं स्वच्छ दिसायचं. पुटं जात कुठं होती, हे कोणी विचारत नव्हतं.

भाचा वजनकाट्याजवळ उभा होता. आत्यानं त्याला बाहीला धरून बाजूला घेतलं.

"काय रे हे?"

"पंप जळलाय गं आत्या."

"मग बादल्यांनी उपस."

"बादल्यांनी उपसायला अख्खा दिवस जाईल. बाहेर ट्रक बघितलेस किती उभे आहेत?"

"आणि ती खोकी? खोकी तरी दुसरीकडे धू."

"कुठं धुऊ? नळाला पाणी कमी आहे. नव्या पंपाचा अर्ज केलाय मी, पहिल्याच दिवशी. साहेबांच्या टेबलावर पडलाय. तीनदा फोन केला. म्हणतात, हंगाम संपू दे, मग बघू."

"हंगाम संपल्यावर टाकीत काय म्हशी धुणार आहेस?"

भाचा हसला. लहानपणी हसायचा तसाच, एका बाजूनं. "आत्या, मला कळत नाही का? तुझ्याच हाताखाली शिकलोय. मी बघतो. दोन दिवसांत होतंय."

तिचा विश्वास बसला. का बसू नये? बोटांत बोटं धरून शिकवलेला माणूस. ती परत बागेत गेली आणि चिमटीला म्हणाली, "सांगितलंय त्याला. करतो म्हणालाय."

दोन दिवसांचे अकरा झाले.

आठव्या दिवशी बाजारातून पहिला फोन आला. दहाव्या दिवशी पहिला ट्रक भरलेला परत आला. ताडपत्री सोडली तेव्हा आतून हिरवट धूर निघाला, म्हणजे धूर नव्हे, बुरशीची भुकटीच ती. सोडणारा माणूस खोकत मागे सरला. वरच्या थरात फळं अजून गोल दिसत होती, हात लावला की बोट सरळ आत. खालच्या थरात फळ असं उरलंच नव्हतं. पांढऱ्या कापसात गुंडाळलेली हिरवी भुकटी आणि खोक्याच्या फटींतून गळणारं पाणी. वास असा, की घरी जाऊन डोकं धुतलं तरी केसांत बसलेला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन ट्रक आले. एकाही बागेचं फळ सुटलं नाही. म्हणजे ज्या बागांत आत्याची टोळी कधी गेलीच नाही, त्यांचंही सडलं. हे लक्षात ठेवा, साहेब. तुमच्या कागदात हे नाही.

अकराव्या दिवशी दुपारी चिमटी शेडकडून धावत आली.

"आत्या, टाकी उपसतायत! सहा माणसं लावलीत, बादल्यांनी. पाणी ओढ्याला सोडलंय, ते हिरवं आहे गं, शेवाळासारखं! तुझा भाचा स्वतः आत उतरून घासतोय."

"बरं झालं," आत्या म्हणाली. "उशिरा का होईना, केलं."

"बरं कसलं? उद्या साहेब येतायत म्हणून घासतायत."

"येऊ दे की साहेब. तो सांगेल त्यांना पंपाचं."

चिमटीनं नुसतं बघितलं तिच्याकडे. चिमटीची जीभ गप्प राहिली की समजावं, काहीतरी वाईट आहे.

बाराव्या दिवशी तुम्ही आलात, साहेब. नाकाला रुमाल, पायांत नवे बूट. सडलेल्या खोक्यांकडे तुम्ही लांबूनच पाहिलंत. टाकीपाशी मात्र गेलात. टाकी आरशासारखी चकचकत होती. पाणी इतकं नितळ की तळाची फरशी दिसावी.

"हे पाणी कधी बदलता?"

तुमच्या या प्रश्नावर आत्यानं सुटकेचा श्वास सोडला होता. ती दारात उभी होती, मागे तिच्या सहा जणी. तिला वाटलं, आता तो सांगेल.

भाचा म्हणाला, "रोज संध्याकाळी, साहेब."

आत्याला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती एक पाऊल पुढे आली. भाचा तुमच्या खांद्यावरून कुठंतरी छपराकडे बघत होता.

"रोज?" तुम्ही पुन्हा विचारलंत.

"रोज. नोंद आहे."

"मग बादल्यांनी काल काय उपसत होतास रे?" चिमटी मागून ओरडली. "तुझे आसू?"

"कोण आहेत या?" तुम्ही म्हणालात.

"तोडणीच्या बायका," भाचा म्हणाला. 'माझी आत्या' म्हणाला नाही. तोडणीच्या बायका.

मग तुम्ही बायकांना रांगेत उभं केलंत. "हात दाखवा." सातही जणींनी हात पुढे केले. रोजच करतात, सवयच आहे. चौदा पंजे. नख असं कोणाचं नव्हतंच, मांसाला भिडलेल्या कोरी नुसत्या. आत्याच्या उजव्या आंगठ्याला कात्रीचा घट्टा, खुरासारखा.

तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "आज कापलेली दिसतात."

"आजच कापलीत," आत्या म्हणाली. "कालही कापली होती. परवाही. साहेब, आम्ही फळाला नख लावत नाही."

"बाई, नखाशिवाय साल फाटत नाही. हे शास्त्र आहे."

"असू दे शास्त्र. मग माझ्याबरोबर चला. दोनशे पावलं आहेत. तुम्हाला याच बारा दिवसांतलं फळ दाखवते, याच हातांनी तोडलेलं. फक्त या टाकीत न बुडालेलं."

तुम्ही कुरकुर केलीत, पण आलात. बागवालाही आला, आणि तुमच्या मागे भाचा. त्याला यावंसं वाटत नव्हतं हे त्याच्या चालीवरून कळत होतं. दोनशे पावलांत तो तीनदा थांबला, एकदा बुटाच्या नाडीशी, आणि त्याच्या बुटाला नाडीच नव्हती.

खोपटात ऊन तिरपं आलं होतं. तिन्ही फळ्यांवर संत्री ओळीनं बसली होती. सात, मग रेघ. सात, मग रेघ. दहा रांगा. जुन्यांची साल जरा आक्रसली होती, नव्यांची तकतकीत होती. सत्तर फळं. एकावर हिरवा ठिपका नव्हता. एकही मऊ नव्हतं. आत खराब वास नव्हता, नुसता संत्र्याचा, गोडसर.

आत्या एकेका रांगेवर बोट ठेवत बोलू लागली. "ही रांग दहा दिवसांपूर्वीची. ही नऊ. त्या दिवशीचं बाकीचं सगळं फळ तुमच्या टाकीतून गेलं आणि ट्रकात सडून आलं. हे इथंच राहिलं. झाड तेच, हात तेच. नखाचा ओरखडा असता तर हे आधी सडलं असतं, साहेब. इथं तर औषधही नाही. मधे फरक फक्त पाण्याचा आहे."

एवढं सरळ कोणी मांडू शकत नाही. शाळा न शिकलेल्या बाईनं मांडलं.

तुम्ही फळ्यांकडे बघितलंत. "तारीख कुठे आहे?"

"या रेघा."

"रेघा कोणीही ओढेल, बाई."

"मग याला विचारा." आत्यानं भाच्याकडे बोट केलं. "या फळ्यांवर शिकलाय तो. त्याला माहीत आहे कोणती रेघ काय असते. विचारा त्याला. विचारा की!"

तुम्ही वळलात. "काय हो मुकादम? ही फळं त्याच दिवसांची आहेत?"

बाहेर झोळीचा पट्टा फांदीवर हलत होता. भाच्यानं फळ्यांकडे बघितलं. लहानपणी त्याची जागा दुसऱ्या फळीवर डावीकडून तिसरी असायची. नजर तिथंच गेली, आत्यानं पाहिलं ते.

"काय माहीत, साहेब," तो म्हणाला. "बायका खायला ठेवतात."

खायला ठेवतात.

खोटं म्हणावं तर तेही नाही. ठेवतातच. अकराव्या दिवशी खातात. पहिली फोड त्यानं स्वतः आत्याला भरवली होती. सगळ्या खऱ्यांतलं तेवढंच एक खरं उचलून त्यानं सात जणींना चोर केलं.

आत्यानं बागवाल्याकडे पाहिलं. सत्तर ठेवा म्हणणारा माणूस. बागवाला खोपटाचा खांब किती मजबूत आहे ते तपासत होता. त्याचं पुढच्या वर्षीचं फळ तुमच्याच शेडवर यायचं होतं ना.

मग तुम्ही जे केलंत, साहेब, ते तुम्ही विसरला असाल. बाकी कोणी विसरलेलं नाही. वरच्या फळीवरची पहिली रांग, दहा दिवसांपूर्वीची. तिच्यातलं सगळ्यात शेवटचं फळ तुम्ही उचललंत. चिमटीचं. हातात जरा फिरवलंत आणि सोललंत. फोड तोंडात टाकलीत. मग दुसरी. उभ्याउभ्या अख्खं खाल्लंत. बिया पायरीवर थुंकल्यात, साल खाली टाकलीत, रुमालानं बोटं पुसलीत.

"गोड आहे," तुम्ही म्हणालात.

आणि शेडवर जाऊन कागद चिकटवलात, नखं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाचा आत्याच्या घरी आला. ती ओसरीवर बसून काहीतरी निवडत होती. तो खाली बसला नाही.

"आत्या, कागद त्यांनी लिहूनच आणला होता गं. शेडवर येण्याआधीच. मी काही बोललो असतो तरी तेच झालं असतं."

आत्यानं सुपातून मान वर काढली नाही. "लिहूनच आणला होता ना? मग तुझी सही कशाला लागली?"

तो बुटानं अंगणातली माती उकरू लागला.

"पंपाचा अर्ज होता ना तुझा? कुठंय तो?"

"साहेब म्हणाले, असा अर्ज आलाच नाही. मी अर्ज केला म्हणालो असतो तर पाणी बदललं नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मुकादम मी. मलाच काढलं असतं. पोरं लहान आहेत, आत्या."

"चिमटीची मोठी आहेत का?"

त्यानं नजर रस्त्याकडे वळवली. मग म्हणाला, "तुला दुसरं काम बघून देतो. शेडवर निवडायला बस. मी सांगेन साहेबांना."

तेव्हा आत्यानं सूप बाजूला ठेवलं. "इकडे ये. हात दाखव."

पस्तिशीच्या माणसानं हात पुढे केला. आपोआप. तिनं तो उलटापालटा केला. नखं वाढली होती, त्यांच्यात टाकीचा हिरवा मळ अजून होता, तीन दिवस धुऊनही न निघालेला.

"कापत जा," ती म्हणाली आणि हात सोडला. "जा आता."

त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नाही.

आता पुढचं ऐका, कारण खरी गंमत पुढेच आहे. कागद लागल्याच्या चौथ्या दिवशी शेडवर नवा पंप आला. अर्ज आलाच नव्हता म्हणता, मग पंप कुठल्या स्वप्नात दिसला? रोज संध्याकाळी पाणी सुटायला लागलं. टाकीवर पाटी लागली, तिच्यावर खडूनं तारीख. रिकामी खोकी वेगळ्या नळावर धुवायला लागले. तोडणीला दुसरी टोळी आली, बाहेरून आणलेली. ती दवातच शिरते. फळ पिळून ओढते. झोळीत दगडासारखं टाकते. नखांबद्दल तर विचारूच नका. तरी सड आटोक्यात आली, दहा ट्रकांतला एखादा परतायला लागला. आणि संघाच्या बैठकीत तुम्ही उभं राहून सांगितलंत, "बघा, टोळी बदलली आणि सड थांबली." टाळ्या पडल्या. बागवाल्यानंही वाजवल्या.

पाणी तुम्ही बदललंत आणि नाव टोळीचं केलंत. आता तर जगात कुणालाच पटणार नाही की त्या सात जणी निर्दोष होत्या. चिमटी वीटभट्टीवर जाते. बाकीच्यांनी मिळेल ते धरलंय. परवा पाणवठ्यावर कोणाची तरी सात-आठ वर्षांची पोर तिला म्हणाली, "तुम्हीच ना त्या नखंवाल्या?" त्या दिवशी चिमटीला शब्द सुचला नाही. चिमटीला!

आत्याला रोज सकाळी अजूनही त्याच वेळी जाग येते. ती उठते, नखं कापते. कापायला काही नसतं, तरी कात्री फिरवते. खोपटं मोडायच्या आधी तिनं फळ्यांवरची सगळी संत्री झोळ्यांत भरून घरी आणली. एकोणसत्तर. बायकांना म्हणाली, खा, तुमच्या हक्काची आहेत. एकीनंही हात लावला नाही. आता ती तिच्या खिडकीत, कपाटावर, जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीनं बसलीत. सुकून लाकडासारखी झालीत. उचलून हलवलं तर आत बिया वाजतात. सडलं त्यातलं एकही नाही. आजपर्यंत नाही.

आणि सत्तरावं, साहेब? सत्तरावं तुमच्या पोटात गेलं. पण साल राहिली. तुम्ही निघून गेल्यावर आत्यानं ती खोपटाच्या जमिनीवरून उचलली. चार तुकडे होते. तिनं ते पाण्यानं पुसले, उन्हात सपाट वाळवले आणि काचेच्या बरणीत ठेवले. झाकण घट्ट. कोणी घरी आलं की ती काही बोलत नाही, ती बरणी पुढे सरकवते. माणसं तुकडे जुळवून बघतात, उजेडाला धरून बघतात. देठाशी कात्रीचा दुसरा घाव दिसतो, सालीच्या बरोबरीचा, गोल, कोरीव. बाकी सगळी साल कोरी आहे.

ते फळ चिमटीनं तोडलं होतं. तुमच्या कागदातल्या त्याच नखांनी, त्याच दिवशी, ज्या दिवशीचं फळ तुमच्या टाकीतून जाऊन ट्रकभर सडलं. तुम्ही ते सोललंत, दहा दिवसांनी खाल्लंत आणि गोड म्हणालात. सात साक्षीदार होते, आठवी साक्षीदार तुमची जीभ.

बरणी आत्याच्या ओसरीवर आहे. दार उघडंच असतं. रुमाल आणायची गरज नाही, वास येत नाही. या, बरणी उघडा, चारही तुकडे उजेडात धरा आणि त्यावर बोट ठेवून दाखवा: ओरखडा कुठे आहे, साहेब?